पायातलं कडं

यांना पक्ष्यांचं वेड लागलं ते निवृत्तीनंतर. दर रविवारी दातांच्या डॉक्टरांच्या गाडीतून हे चौघं मित्र पाणथळीवर जायचे आणि दुपारी चिखलाचे बूट माझ्या पुसलेल्या फरशीवर यायचे. मी करवादायचे, हे हसायचे.

हिवाळ्यात लांबून बदकं उतरली. डॉक्टर ती जाळ्यात अलगद पकडायचे आणि पायात कडं घालून सोडून द्यायचे. पाखरू कुठे जातं, परत येतं का, ते कळतं म्हणे.

उन्हाळा लागला, बदकं गेली, तळ्याच्या कडा भेगाळल्या. एका रविवारी हे मोजे काढत होते, तेव्हा मला घोट्यावर राखाडी धातूचं कडं दिसलं. त्याला जोड नव्हता. वर बारीक खुणा कोरलेल्या.

"हा काय पोरखेळ? कुणी घातलं?"

"माहीत नाही गं. आम्हा सगळ्यांच्याच पायात आहे." हे चक्क लाजले. "दुखलं नाही अजिबात. फार जपून घातलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हाताला धरून वेल्डरकडे नेलं. त्याची पाती मोडली, कड्यावर चरा उठला नाही. डॉक्टरांना मी फोनवर नाही नाही ते बोलले.

पावसाळ्यात जाब विचारायला मीच तळ्यावर गेले. चौघं काठावर ओळीत उभे होते. दुर्बिणी गळ्यात लोंबत होत्या. पलीकडे नुसती लव्हाळी.

"काय बघताय एवढं?"

"बघत नाही," हे हळूच म्हणाले. "दिसू देतोय."

पुढच्या रविवारी मी दारात आडवी उभी राहिले. "ते कडं काढून आलात तर या. नाहीतर तिकडेच घरटं बांधा!"

हे माझ्याकडे बघत राहिले. मग गेले.

संध्याकाळी आले. माझ्या हातावर कडं ठेवलं. थंडगार, अख्खं.

जिंकले एकदाची! चहा टाकला, यांना दिला आणि बाहेर येऊन डॉक्टरांना फोन लावला. "निघालं बरं का तुमचं कडं!"

तिकडून डॉक्टर सावकाश म्हणाले,

"वहिनी, जिवंत पाखराचं कडं कुणी काढत नाही. मेलेलं सापडलं, तरच काढतात."

"जीभ आवरा! हे आत चहा पितायत."

आतून भुरक्याचा आवाज आला.

अख्ख्या संसारात यांनी कधी भुरका मारलेला नाही.