न पाहिलेला सामना

‘रद्द करा’ हे बटण काढून टाकायचं गौतमी बेलसरेने ठरवलं, तेव्हा प्रयोगशाळेत कुणीही विरोध केला नाही. टीव्हीवरचे कार्यक्रम साठवणाऱ्या यंत्रांनी माणसांना वर्षानुवर्षं छळलं होतं. वाहिनी टाका, तारीख टाका, वेळ टाका, आणि एवढं करून क्रिकेटचा सामना लांबला की मालिकेचा शेवट गायब. ज्याला दोन घटका टीव्ही बघायचाय त्याची परीक्षा कशाला घ्यायची, असं गौतमीचं म्हणणं होतं. म्हणून तिच्या ‘स्वयंनोंदी’ला एकही बटण नव्हतं. काय साठवायचं आणि कितीदा साठवायचं, हे यंत्रच ठरवी.

कोल्हापुरातल्या त्या प्रयोगशाळेतून यंत्र आता बाजारात जायचं होतं आणि गौतमी एका जागी टिकत नव्हती. खुर्चीतून उठायची, खिडकीशी जायची, परत यायची. मागवलेला चहा निवून जायचा, मग दुसरा मागवायची.

“इरफान, माझ्या घरच्या यंत्रातला बिघाड सापडला?”

तिचा सहकारी इरफान मुजावर याने पडद्यावरून मान वर केली. “बिघाड नाहीच, ताई. काल सांगितलं की तुम्हाला.”

“मग पुन्हा सांग.”

चाचणीसाठी तिच्या घरी बसवलेलं यंत्र एकच कार्यक्रम पुन्हा पुन्हा साठवत होतं: कॅरमच्या एका जुन्या स्पर्धेचा अंतिम सामना. एक वाहिनी तो दर रविवारी दाखवायची आणि यंत्र दर रविवारी तो नव्या उत्साहाने साठवायचं.

“पडद्याखालचा नेत्रवेधक प्रेक्षकांचे डोळे बघतो,” इरफान म्हणाला. “आधी पाहिलेलं असलं की नजर पुढं धावते. दारातून कोण येणार हे ठाऊक असेल, तर दार उघडायच्या आधीच डोळे दाराकडं जातात. ही अग्रदृष्टी. ती ठरवून लपवता येत नाही. घरातल्या एकाच्या जरी डोळ्यांत ती दिसली नाही, तरी त्याच्यासाठी कार्यक्रम नवा. म्हणून पुन्हा साठवायचा.”

“आणि समोर बसून कुणी मोबाइल बघत असेल तर?”

“तरी नवाच. लक्ष दिलं नाही काय किंवा पाहून विसरला काय, यंत्राला दोन्ही सारखंच.”

याच वाक्याने गौतमीची झोप उडवली होती. यंत्राची नोंद स्पष्ट होती: उजवी खुर्ची, अग्रदृष्टी शून्य. आणि उजव्या खुर्चीत अण्णा बसायचे. तिचे वडील. उभी हयात कॅरमचा पंच म्हणून काढलेला माणूस, आणि त्याला अख्खा सामना आठवू नये. तिला फार भीती वाटली होती. तिने मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली, आणि अण्णांनी एकट्याने कॅरम क्लबला जाऊ नये म्हणून स्कूटरची किल्ली लपवली. अण्णा एका शब्दाने भांडले नाहीत. एरवी पोळी जाड झाली तरी निर्णय देणारा माणूस गप्प बसला, याचीच तिला जास्त धास्ती वाटली.

“एक विचारू?” इरफान म्हणाला. “उजवी म्हणजे कुणाची उजवी धरलीत तुम्ही?”

“कुणाची म्हणजे? आपली.”

“नेत्रवेधक टीव्हीत बसलाय, ताई. तो तिकडून आपल्याकडं बघतो. त्याची उजवी म्हणजे आपली डावी.”

गौतमीने घरची बैठक मनात उलटी करून पाहिली. डावी खुर्ची तिची होती. जन्मभर टीव्हीकडे तोंड करून बसलेल्या माणसांनी हे यंत्र घडवलं होतं, आणि टीव्हीच्या बाजूने खोली कशी दिसते हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग तिला हसू फुटलं. रविवारी तिच्या मांडीवर लॅपटॉप असायचाच.

“म्हणजे अण्णा ठणठणीत आहेत. माझंच लक्ष नसतं.”

इरफान काहीतरी बोलणार होता, पण ती पर्स उचलून निघालीसुद्धा.

घरी येताच तिने अण्णांची माफी मागितली. घडलेला घोळ सांगितला, डॉक्टरांची वेळ रद्द करते म्हणाली, आणि किल्ली आणायला आत गेली. ती खणात नव्हती, कपाटात नव्हती, पर्समध्येही नव्हती.

“घाईत कुठं ठेवली कोण जाणे,” ती बाहेर येत म्हणाली.

“राहू दे. बस जरा,” अण्णा म्हणाले.

तिने मोबाइल बंद केला, लॅपटॉपला हात लावला नाही, आणि साठवलेला सामना सुरू केला. आज प्रत्येक सोंगटी बघायचीच, असं ठरवून ती बसली. खेळ रंगला. राणीवर दोघांचा डोळा होता. मधेच तिला दिसलं, की अण्णांची नजर बोर्ड सोडून पडद्याच्या कडेला गेलीय. तिथे काहीच नव्हतं. क्षणभराने कॅमेरा वळला आणि त्याच कडेला पांढऱ्या शर्टातला, काळ्याभोर केसांचा पंच दिसला.

“अण्णा, हे तुम्ही?” तिचा आवाज आनंदाने चिरकला. “कधी बोलला नाहीत ते.”

“हो. मीच.”

 मग त्यांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

“तांदळाच्या डब्यात ठेवली होतीस. गौतमी, डॉक्टरांची वेळ रद्द करू नकोस.”

“पण तुम्हाला तर काही झालेलं नाही.”

“मला नाही.” त्यांनी तिचा हात हातात घेतला. “गेल्या रविवारी तू लॅपटॉप मिटून माझ्याबरोबर हा सामना पाहिलास. त्याच्या आधीच्या रविवारीही. दर वेळी इथंच मला विचारतेस, अण्णा, हे तुम्ही? आधी वाटलं, कामाचा ताण असेल. सांगायला जीभ उचलेना. मग तू माझ्या नावाने डॉक्टरांची वेळ घेतलीस. म्हटलं, कुणाच्या का नावाने होईना, तू तिथवर पोचशील तरी.”

तिने आठवायचा प्रयत्न केला. खूप केला. गेला रविवार तिच्या हाती लागेना.

सामना संपला. पडद्याच्या कोपऱ्यात तिने स्वतः रेखलेली ठळक, वाचायला सोपी अक्षरं उमटली: ‘पुढच्या रविवारचे प्रक्षेपण साठवले जाईल.’

तिने टीव्हीचा रिमोट उचलला. अंगठा त्याच्यावर इकडून तिकडे फिरत राहिला. रद्द करायला बटण नव्हतं.

“असू दे,” अण्णा म्हणाले. “पुन्हा बघू.”