सुरूच्या झाडाची थाळी

नूरिये दारात उभी राहिली तेव्हा मेहपारे हानम वांगी भाजत होत्या आणि त्यांचे यजमान रेमझी बे शब्दकोडं चुकीचं सोडवत होते.

“माझी थाळी चोरीला गेली,” नूरिये म्हणाली आणि खुर्चीत बसण्याआधीच रडू लागली.

तुर्कस्तानातल्या कुताह्यात रंगीत चिनी मातीच्या थाळ्यांना तोटा नाही, पण ही थाळी निराळी होती. शाकिर उस्तांच्या कारखान्यात नऊ वर्षं कुंचला घासल्यावर येत्या रविवारी नूरियेच्या कमरेला उस्तापणाचा, म्हणजे पक्क्या कारागिराचा, पंचा बांधला जायचा होता. त्यासाठी गावातल्या पाच बुजुर्गांपुढे एक थाळी ठेवायची. आखणीपासून शेवटच्या रंगापर्यंत एकाच हाताची. दुसऱ्याचा एक ठिपका लागला, तरी पंचा पुढच्या वर्षावर.

“काय काढलं होतंस?”

“मधोमध सुरूचं झाड, एकटंच. दोन बाजूंना ट्युलिप. सुरू बर्फातसुद्धा हिरवा राहतो, आणि कुणाच्या आधाराशिवाय. म्हणून तो घेतला. सकाळी रंग भरून झाला. जेवून परत येते तर फळी रिकामी. उद्या दुपारी भट्टी लागणार, हानम.”

मेहपारे हानमनी बत्तीस वर्षं एका विमा कंपनीत खोटे दावे पकडले होते. निवृत्तीनंतर त्या गावातल्या चोऱ्या शोधून देत. त्यांनी गॅस बंद केला.

“रेमझी, कोट घाल.”

“आणि वांगी?”

“वांगी कुठे पळून जात नाहीत.”

कारखान्याच्या दारातच पंचाहत्तरीचे शाकिर उस्ता भेटले. त्यांच्या मिशीला काहीतरी पांढरं लागलं होतं.

“झिलई?” रेमझी बे बायकोच्या कानात कुजबुजले.

“ताक. वास येत नाही का तुला?”

उस्ता दुपारी नमाजाला गेले होते. तेवढ्या वेळात कारखान्यात तिघांचं येणं-जाणं झालं होतं. पहिले हायरेत्तिन बे. चौकात त्यांचं दुकान होतं आणि अंगात नेहमीचा दुधी रंगाचा कोट.

“ती थाळी मला हवी होती, लपवत नाही. दोनदा मागितली, दोनदा नाही म्हणाली. आज तिसऱ्यांदा ‘नाही’ ऐकायला आलो होतो. कुणी दिसलं नाही, तसाच दुकानात परत गेलो. आत्ता निरोप आला म्हणून पुन्हा आलो.”

रेमझी बेंनी फळीवरचा एक रंगवलेला पेला सहज उचलला.

“अहो, ठेवा तो!” नूरिये ओरडली. “झिलई चढेपर्यंत रंग पिठासारखा असतो.”

पेला खाली ठेवला, पण बोटं काळी झाली आणि पुढच्या क्षणी कोटही. मेहपारे हानमनी डोळे मिटून घेतले.

दुसरी सिदिका. पिंपातली पांढरी झिलई ढवळत ती म्हणाली, “वीस वर्षं इथे राबतेय. मला कुणी पंचा बांधला नाही. राग आहेच. पण झिलईच्या पिंपात माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही आणि माझ्या थाळीवर बोटाची खूण सापडत नाही. बुडवली की पकडलेल्या जागी मी पुन्हा झिलई लावते. मी तसली चोरी करेन? सकाळी तीन डझन बुडवून भट्टीच्या खोलीत वाळत घातल्या आणि जेवायला गेले.”

तिसरा वेदात. पेल्यांवर ट्युलिप आखणारा लाजाळू तरुण, चार वर्षांत नूरियेशी ‘कुंचला दे’च्या पुढे न बोललेला. त्याने सगळ्यांना चहा दिला. बशी पुढे करताना त्याच्या नखांच्या कडा पांढऱ्या दिसत होत्या. त्याच्या मेजाखालून मेहपारे हानमनी एक चुरगळलेला कागद उचलला.

“काकडीचा वेल,” रेमझी बे म्हणाले. “पण गंमत बघ, मांडवच नाही. हवेलाच विळखे घालतोय.”

“शाब्बास,” मेहपारे हानम म्हणाल्या. रेमझी बेंना कशाबद्दल ते कळलं नाही, पण ते खूश झाले.

मग नवऱ्याला भट्टीच्या खोलीत थाळ्या मोजायला बसवून त्या उस्तांशी बोलत राहिल्या. त्या परत आल्यावर रेमझी बे जांभई देत म्हणाले, “सदतीस पांढऱ्या थाळ्या. तीनदा मोजल्या. एकीवरही बघण्यासारखं काही नाही.”

“सगळ्यांना इथेच बोलाव.”

सगळे जमले.

“थाळी कारखान्याबाहेर गेलीच नाही,” मेहपारे हानम म्हणाल्या. “पिठासारखा सुटणारा रंग. ती काखेत मारून नेणाऱ्याचा कोट माझ्या नवऱ्याच्या कोटासारखा झाला असता. हायरेत्तिन बे, तुमचा कोट अजून दुधी आहे. मग रंगवलेली थाळी लपवायची कुठे? झिलईत. एकदा बुडवली की भट्टीत झिलईची काच होईपर्यंत थाळी नुसती पांढरी. सिदिकाने छत्तीस बुडवल्या. इथे सदतीस आहेत.”

सिदिका चमकली.

“तू नाहीस. तू बोटांच्या खुणा झाकतेस.” त्यांनी खालच्या फळीवरची एक थाळी पुढे ओढली. काठावर बोटांच्या तीन उघड्या खुणा होत्या, आणि एकीतून काळी रेघ डोकावत होती. “हे काम शिकाऊ हाताचं. आखणी करणाऱ्याच्या नखांत आखणीचा काळा रंग असतो. वेदात, तुझ्या नखांत झिलई कशी?”

वेदातने हात मागे लपवले.

“आणि कागदावरचा तो वेल नव्हता, फांदी होती. ती कशाला विळखे घालत होती? उस्ता, सुरूभोवती आलुबुखाराची फुललेली फांदी काढली तर?”

“तर जोडपं,” उस्ता म्हणाले. “लग्नाच्या थाळीवर माझे वडील तेच काढायचे.”

 वेदातने मान खाली घातली. “तोंडाने सांगणं जमत नव्हतं. वाटलं, रविवारी थाळी निघेल तेव्हा कळेल तिला. फांदी काढून झाल्यावर एका हाताचा नियम आठवला. घाबरलो आणि बुडवून टाकली.”

“नऊ वर्षं,” नूरिये हळूच म्हणाली. “माझी नऊ वर्षं होती त्यात, गाढवा.”

तिने थाळी उचलली आणि सरळ नळाखाली धरली. आधी दुधासारखं पाणी वाहिलं, मग काळं. कोरी थाळी पुसून ती आपल्या जागेवर बसली.

“भट्टी उद्या दुपारी ना, उस्ता? माझ्यासमोर बसा. कुणाला जवळ येऊ देऊ नका.”

“झिलईला मी थांबते,” सिदिका म्हणाली.

रविवारी पाच बुजुर्गांनी थाळी हातोहात फिरवली. मधे हिरवागार सुरू, बाजूंना लाल ट्युलिप, आणि सुरूच्या बुंध्याला विळखा घालून वर गेलेली फुललेली फांदी.

“हे सगळं एकाच हाताचं?” सर्वांत वयस्क बुजुर्गांनी विचारलं.

“शेवटच्या ठिपक्यापर्यंत,” शाकिर उस्ता म्हणाले. “मी समोर बसून पाहिलंय.”

त्यांनी नूरियेच्या कमरेला पंचा बांधला. वेदात चहाचं तबक घेऊन दारात उभा होता आणि थाळीकडे बघता बघता त्याचे कान लालबुंद झाले होते.

रेमझी बेंनी बायकोला कोपराने ढोसलं. “अगं, ती फांदी तर धुऊन गेली होती. मग पुन्हा कुणी काढली?”

“जिची थाळी, तिने.”