अकरावा बार

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. त्र्याहत्तर सालच्या श्रावणातली गोष्ट. भागू, म्हणजे माझी बायको, दुपारचा चहा करून सरपणाला गेली होती आणि मी तिला बोलवायला पाण्याकडे उतरलो होतो. एवढंच काम होतं.

राहुरीपासून वर, डोंगराच्या अंगाला धरण बांधून झालं होतं. सात वर्षं तिथे यंत्रांची घरघर होती, खडी फोडायचा क्रशर होता, दोन हजार माणसं होती. काम संपलं आणि सगळे पांगले. क्रशर गंजत उभा राहिला, पत्र्याच्या खोल्यांत सरडे आले. राखणीला मला ठेवलं. आम्ही नवरा-बायको आणि समोर नजर पोहोचणार नाही एवढं पाणी. नगर जिल्ह्यातल्या माणसाला समुद्र कुठला बघायला मिळतो? आम्हाला तोच.

भागूला तो काठ फार आवडायचा. दिवस कलला की ती पाण्याच्या कडेकडेने खाणीपर्यंत चालत जायची. वाळक्या काटक्या वेचायची, बगळे बघत बसायची, टिटवीने अंडी कुठे घातलीत ते मला येऊन सांगायची. मी चिडवायचो, "निघाली साहेबीण हवा खायला." ती म्हणायची, "सात वर्सं खडी वाहिली. आता जरा हवा खाल्ली तर कुनाचं काय जातंय?"

आता खाणीची रीत सांगतो. कामाच्या दिवसांत रोज पाच वाजता सुरुंग उडायचे. लिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला होता, तो वाजवणं माझं काम. घाईघाईचे टोले पडले की सगळ्यांनी आडोशाला पळायचं. मग मी बार, म्हणजे सुरुंगाचे धमाके, मोजायचे. खडकात जितकी भोकं दारूने भरली तितके बार ऐकू आले की तीन संथ टोले द्यायचे, म्हणजे मोकळं झालं. ते तीन टोले पडेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही, मग अंगावर साप का येईना. खाणीत राबलेल्या प्रत्येकाच्या हाडात ही शिस्त मुरली होती. भागूच्याही.

शेवटच्या वर्षी अपघात झाला. भोकं पाडणारा कमरुद्दीन आणि भागूची मैत्रीण राहीबाई, दोघं सुरुंगात गेली. मी साहेबाला सांगितलं की तीन टोल्यांच्या आधीच ती दोघं बाहेर पळाली. भागूलाही तेच सांगितलं. मेलेलं माणूस काही उलटून बोलायला येत नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

तर त्या दिवशी पाच वाजले असतील. आभाळ भरलेलं, पण आमच्याकडे थेंब नाही. घाटमाथ्यावर मात्र धो धो चाललेला, त्यामुळे पाणी बघता बघता चढत होतं. मी उतारावर होतो, आणि मागून टोले पडले. घाईचे.

मी वळून बघितलं. लिंबाखाली कोणी नव्हतं. रूळही नव्हता, तो भंगाराच्या ट्रकमधून केव्हाच गेला होता. फांदीला नुसती तार लोंबत होती आणि ती हलतही नव्हती.

खाली काठावर भागूने मोळी टाकली. पदर खोचून पळाली आणि खाणीच्या तोंडाशी पडलेल्या सिमेंटच्या मोठ्या पाईपात शिरली. आडोशाला सगळे तिथेच बसायचे. पाणी पाईपापासून दहा पावलांवर होतं.

"भागू, ये बाहेर. कुनी वाजवलं न्हाई."

टिटव्या गप्प झाल्या होत्या. वारा पडला आणि जळक्या दारूचा वास आला, सुरुंगाच्या दारूचा. मी पळत खाली गेलो. मी पोहोचेपर्यंत पाणी पाईपात शिरू लागलं होतं. आत भागू अंग चोरून बसली होती, दाटीत बसतात तशी. शेजारी कोणी नव्हतं.

"हळू बोला..." ती म्हणाली. "बार चालू हायेत."

"कसले बार? मला काय बी ऐकू येत न्हाई."

"दहा झाले... एक राहिलाय."

अपघाताच्या दिवशी अकरा भोकं भरली होती, हे मी कोणापाशी बोललो नव्हतो. कमरुद्दीनला ठाऊक होतं, आणि मला.

मी तिचा हात धरून ओढला. भागू काडीसारखी बाई, पण हलेना. पलीकडून कोणीतरी धरल्यासारखी वाटली. पाणी माझ्या गुडघ्यांपर्यंत आलं. शेवटी चिखलातलं एक फुटकं घमेलं उचललं आणि त्यावर दगडाने तीन टोले दिले. सावकाश, पूर्वी द्यायचो तसे.

"मोकळं झालं, भागू. चल."

ती बाजूच्या अंधाराकडे कान देऊन ऐकत राहिली. मग म्हणाली, "राहीबाई म्हनती, ह्याच्या टोल्यावर उठू नगं... आमी उठलो हुतो."

भुताची भीती नव्हती, खरं सांगतो. माझी बायको माझ्या देखत बुडणार होती, आणि माझ्या शब्दावर तिचा विश्वास उरला नव्हता. पाणी तिच्या छातीला लागलं होतं. मी तिथेच हात जोडले.

"माझं चुकलं. दहाच बार ऐकले म्या. वाटलं, दोन एकदम उडाले आसतील. घरी जायची घाई हुती... अकरावा उडायच्या आदीच टोले मीच दिले. त्यांच्या नावानं खोटं बी मीच बोललो. भागू, पाया पडतो तुझ्या..."

मग तिचा हात सैल झाला. मी तिला ओढून बाहेर काढलं आणि खांद्यावर टाकून चढ चढलो. वर पोहोचून बघितलं तर पाईप दिसत नव्हता. एवढ्या वेळात सुरुंगाचा कसलाही आवाज झाला नाही. मी शपथेवर सांगेन, कसलाही नाही.

खोलीत तिला घोंगडी पांघरली. हाक मारली, तिने बघितलं नाही. कंदील जवळ नेला. दोन्ही कानांतून रक्ताची बारीक धार आली होती. अंग चिंब भिजलेलं, पण केसांत दगडाची पांढरी भुकटी होती, कोरडी.

राहुरीचे डॉक्टर म्हणाले, "अगदी जवळ सुरुंग उडालेला दिसतो. पडदे फाटलेत." मी म्हटलं, तिथे वर्षभरात एकही सुरुंग उडालेला नाही. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि औषध लिहून दिलं.

चौथ्या दिवशी आम्ही ती जागा सोडली. तेव्हापासून इथे नगरात आहोत. भागूला भांडं पडलेलं ऐकू येत नाही, माझी हाक ऐकू येत नाही. पण पाच वाजले की ती हातातलं पीठ टाकून भिंतीला टेकून बसते आणि एकेक बोट मिटत जाते. मध्ये थांबते, कान देते, पुन्हा एक मिटते. दहा बोटं मिटली की माझ्याकडे बघत राहते. मीही हलत नाही. मोकळं झालं, असं तिला खुणेनेसुद्धा सांगायची माझी छाती होत नाही.