पळसाच्या देठांची चंद्रा

मे महिन्यात उजनीचं पाणी खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. मग कुंडलिक मासेमारी बाजूला ठेवतो आणि बघ्यांना होडीतून तिकडं नेतो. यंदा बघ्यांच्या जागी सिनेमावाले आले. गोऱ्या साहेबाच्या काळातली प्रेमकथा. कचेरीतल्या कारकुनाचा चंद्रा नावाच्या पोरीवर जीव जडतो, तिचं लग्न भलतीकडंच ठरतं आणि ती नदीत उडी टाकते. प्रेत सापडत नाही, म्हणून तो बिचारा तिच्या जागी पळसाच्या देठांची बाहुली बांधून तिला अग्नी देतो.

आता हे कुंडलिकनं कोणत्या तोंडानं ऐकायचं? तीन वर्षांपूर्वी त्याची बायको रोहिणी पलीकडच्या काठावरच्या माहेराहून येत होती. भर दुपारी वारं सुटलं, होडी उलटली. होडी मिळाली, रोहिणी मिळाली नाही. सासू प्रयागबाई दर अवसेला निरोप धाडायची, "विधी करा, पोरीला मोकळी करा." कुंडलिक ऐकेल तर शपथ. ती कुठंतरी काठाला लागली असेल, येईल, एवढ्या एका आशेवर माणूस जगत होता.

दिग्दर्शक साहेबांना बाहुली रीतीप्रमाणं बांधलेली हवी होती. गावातल्या जाणत्यांनी कानाला हात लावले. कुंडलिकनं लहानपणी, चुलता असाच सापडला नव्हता तेव्हा, पाहिलं होतं.

"मी बांधतो," तो म्हणाला. "खोट्याला काय भ्यायचं?"

पळसाच्या पानांचे तीनशे साठ देठ, डोक्याला नारळ, वरून सिनेमातलं लुगडं. सगळं मिळून वजन कोंबडीएवढं.

ऐन वेळी हिरो अडला. आई-बाप जिवंत असताना मडकं खांद्यावर घेणार नाही म्हणाला, आणि त्याचं चुकलं असंही कुणाला म्हणता येईना. साहेबांनी कुंडलिककडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्ही पाठमोरेच दिसाल. चालेल ना?"

"चालतंय की. खोटंच हाय."

कारकुनाचा काळा कोट त्याला नेमका बसला. गावातल्या चौघांनी तिरडी उचलली आणि मागच्या बाजूचा दादासाहेब वजनानं वाकलाच.

"दगड घातलंस का रं आत?"

"न्हाय."

तिरडीखालून पाणी ठिबकत होतं. ते सिनेमावाल्यांनीच शिंपडलं असणार, असं सगळ्यांनी धरलं.

पहिला फेरा त्यानं सांगितल्याप्रमाणं घातला. दुसऱ्या फेऱ्याला शेवाळाचा वास आला. तिसऱ्याला चंद्राचं नाव घ्यायचं सोडून तो "रोहिणी" म्हणाला आणि लेकरासारखा रडला. मडकं फुटलं. सरपण चर्र चर्र करत पेटलं.

"कट," साहेब म्हणाले. "फार छान."

सिनेमावाले राख तशीच टाकून गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रयागबाई पिशवीत गाडगं घेऊन हजर.

"नवऱ्यानं अग्नी दिलाय, कुंडलिकराव. सावडाया पायजे."

"मामी, देठांची राख हाय ती. बघा."

तिला दाखवायला म्हणून त्यानं राखेत हात घातला.

हाताला गार लागलं.

हाड होतं. ओलं. त्याला पाण्यातल्या बारीक गोगलगाई चिकटलेल्या होत्या.

त्यानं आणखी चाचपलं. बरगडी. मनगट. खांदा. एकेक काढून तो गाडग्यात ठेवत गेला. आता ती कुठल्याच काठाला लागणार नव्हती. त्याच्या डोळ्यांतलं पाणी राखेत पडत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

कमरेच्या हाडाच्या खोलगटात तांदळाच्या दाण्यांएवढ्या हाडांचा पुंजका होता.

"पाखरू असंल," तो म्हणाला, आणि त्यानं सासूकडं पाहिलं.

प्रयागबाई दचकली नव्हती.

"दिस जाऊन तीन म्हयनं झालं हुतं," ती म्हणाली. "त्या दिशी तुमालाच सांगाया निघाली हुती."

तिनं पिशवीतून दुसरं गाडगं काढलं. ते वाटीएवढंच होतं.