भिसेसाहेबांची तसबीर

गिरगावातल्या फ्रेमवाल्याच्या दुकानात मालनने त्याला पहिल्यांदा पाहिलं. तोही कागदात गुंडाळलेली तसबीर न्यायलाच आला होता.

"कुणाची?" त्याने विचारलं.

"डॉक्टर भिश्यांची. छापखान्याचे अक्षरांचे खिळे ओतायचं यंत्र काढलं ना त्यांनी... आज लालबागला आमच्या चाळीत जयंती आहे. तुमची?"

"बाबांची. संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात जाऊन आले. उद्या सत्कार आहे." तो हसला. गालाला खळी पडली आणि मालन बघतच राहिली. "भाषण तुम्हीच करणार?"

"का, येताय ऐकायला?"

"बोलावलंत तर..."

समोरचं पुडकं उचलून ती पळालीच.

भिसेसाहेबांचा चेहरा चाळीत फक्त जयंती भरवणाऱ्या तात्यांना ठाऊक. पेपरातलं कात्रण फ्रेमवाल्याला त्यांनीच दिलेलं, पण ते तापाने फणफणून पडलेले. तसबीर टांगली. पांढऱ्या मिशा, करारी नजर... शोधक असाच दिसायचा! मालनने हार घातला, उदबत्ती लावली आणि गहिवरून म्हणाली, "आज ते आपल्यात नाहीत..."

"आसंय गो चेडवा! अजून जितो आसंय!"

दारात तसबिरीतलेच गृहस्थ! मागे तो खळीवाला, बगलेत दुसरं पुडकं.

चाळ खो खो हसली. मालनला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. जिवंत माणसाच्या तसबिरीला हार! तोही जेल भोगून घरी आलेल्याच्या! तिने घाईघाईने तो काढला आणि त्यांच्या पाया पडली.

"चुकले, काका. पुडकं बघून घ्यायला हवं होतं. लक्ष नव्हतं..."

"खंय होता गो लक्ष?"

दुकानात गर्दी होती, असं सांगता आलं असतं. पण या माणसाशी आता खोटं बोलवेना. तिची नजर नकळत खळीवाल्याकडे गेली आणि झटकन खाली वळली. बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. मालनच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"बाबा, चूक तिची एकटीची नाही," तो पुढे झाला. "दुसरं पुडकं मीही न बघताच उचललं. माझंही लक्ष... तिच्याकडेच होतं."

"अरे शिवा!" म्हाताऱ्याने लेकाकडे पाहिलं, मग मालनकडे. "उद्या सत्काराक ये गो. हार तूच घाल. तसबिरीक नको, माका."

मालन मान खाली घालूनच हो म्हणाली. शिवाकडे बघायची हिंमत आता उद्याच होणार होती.