आवाज बाहेर जाऊ नये म्हणून

सुतारीण चुकून एक मजला आधीच थांबली आणि तिनं भलत्याच घराची बेल वाजवली. दार उघडलं एका उंच तरुणानं. खांद्यावर गादी, हातात अंड्यांचे रिकामे ट्रे.

"घर बदलताय की कोंबड्या पाळताय?" तिच्या तोंडून निघून गेलं.

तो कानापर्यंत लाल झाला. "भिंतींना लावतोय. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून."

"यानं खोली घुमायची थांबेल. आवाज जायचा तो जाणारच." तिनं आत डोकावलं. माइक, खुर्ची, कोपऱ्यात गिटार. "गाता?"

"गायचो…"

त्या एका शब्दाशी ती अडकली. वरच्या बाईंचं कपाट दुरुस्त केलं आणि मोजायची टेप घेऊन ती पुन्हा त्याच्या दारात हजर!

काम सुरू झालं. जुन्या भिंतीला न टेकणारी दुसरी भिंत तिनं उभी केली, मधे आवाज शोषणारी खनिज लोकर भरली, छत रबरी आधारांवर टांगलं.

"दोन्ही भिंती टेकल्या की आवाज पार," ती शिडीवरून म्हणाली. "अंतर हवंच."

"माणसांतही?" स्क्रू देता देता त्यानं विचारलं, आणि स्वतःच दचकला.

"माणसांची कामं मी घेत नाही." पण स्क्रू तिच्या हातून निसटलाच.

'गायचो' म्हणजे काय, हे ती आडून आडून रोज विचारी. तो रोज चहा पुढे करी. शेवटी ती दाराखालची फट बुजवत असताना तो आपणहून बोलला. गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर वरचा सूर फाटायचा. एकदा खिडकीखालून कुणीतरी 'बिचारा' म्हणालं, त्या दिवसापासून गाणं बंद.

"कुणीच ऐकायला नको मला."

"मीसुद्धा?"

त्यानं रबरी पट्टी तिच्या हातात दिली. तिनं फट नीट बुजवली. कामात खोट ठेवणं तिच्या रक्तात नव्हतं.

शेवटच्या दिवशी तपासणी. तो आत गाणार, ती बाहेर ऐकणार. जाड दार लागलं. तिनं कान टेकवला… काही नाही. श्वाससुद्धा नाही. इतकं चोख काम साधूनही तिला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

दार उघडलं. तो घामाघूम.

"आलं ऐकू?"

"काहीच नाही. झालं काम." तिनं हत्यारं पिशवीत टाकायला घेतली, उगाचच एकेक पुसत.

"जरा… आत येता?" तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "फाटला सूर तर हसू नका."

"हसेन. पण 'बिचारा' म्हणणार नाही."

ती आत गेली आणि दार तिनंच ओढून घेतलं.

तो गायला. खालचे सूर उबदार, जरासे खरखरीत. वर चढताना आवाज असा काही फाटला की ती खरंच हसली. तो थबकला, आणि मग त्यालाही हसू आवरेना.

"आवडला नाही ना आवाज?"

"आवाजाचं अजून ठरायचंय," ती खुर्ची त्याच्याजवळ ओढत म्हणाली. "माणूस आवडलाय. हं, पुढचं कडवं."