कॉकवरची लाल चिंधी

सहदेवने पिशवीतून चपला काढून टेबलावर ठेवल्या. उजव्या चपलेचा अंगठा तांब्याच्या तारेने बांधला होता.

“माझ्या बायकोच्या, सोनाबाईच्या. साजगावच्या कारखान्यात टाकी धुवायला आत उतरली, आन् वाफ सोडली. कंपनी म्हणते चूक तिचीच, वाफेच्या कॉकला चिंधी बांधली नाय.”

“तार कधी घातलीत?” भाग्यश्रीने विचारलं.

“ती गेली त्याच्या आदल्या सांजेला. चपलेचं काय घेऊन बसलात, ताई?”

किशोरलाही तेच वाटलं. तो तिच्याबरोबर तपासाला हिंडायचा, पण तिचे प्रश्न त्याला उशिराच कळत.

कारखान्यात वाफ सोडणारा गजा मान वर करत नव्हता. “आत माणूस आसला की कॉकला लाल चिंधी. भायेर आला की सोडायची. त्या दिवशी नव्हती, बाई.”

“टाकीच्या शिडीपाशी तिने काढलेल्या चपला दिसल्या नाहीत?”

“खाली कोन बघतं? आमी चिंधी बघतो.”

मॅनेजर हर्षदने भिंतीवरचा नवा तक्ता दाखवला. “सूचनांची फाइल कुणी उघडत नाही. म्हणून फोटो लावले. बघितलं की कळलं पाहिजे.”

“चांगलाय की,” किशोर म्हणाला.

भाग्यश्री वाकून कॉकचा फोटो बघत होती. “यात चिंधी नाही.”

“ती सोडूनच मी फोटो काढला. स्वच्छ दिसावा म्हणून. गेल्या महिन्यातली गोष्ट.”

भाग्यश्रीने सहदेव आणि गजाला तिथेच बोलावलं.

“आत माणूस असेल तरच कॉकला चिंधी असते. म्हणजे हर्षद, तुम्ही ती सोडलीत तेव्हा टाकीत कुणीतरी होतं. कोण, ते फोटोच्या कोपऱ्यात आहे.”

शिडीपाशी चपला होत्या. उजव्या अंगठ्याला तांब्याची तार.

“तार घातल्यावर सोनाबाई एकदाच टाकीत उतरली. फोटो त्याच दिवसाचा. मोबाइल पोलिसांना द्या, त्यात वेळही असेल.”

हर्षद खाली बसला. “मधेच फोन आला. परत बांधायची राहून गेली. ती कशासाठी असते, मला ठाऊक नव्हतं.”

“ज्यांच्यासाठी तक्ता केलात, त्यांना विचारायचं होतंत.”

गजा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

“म्हंजे तिनं बांधली होती,” सहदेव म्हणाला.

“हो.”

त्याने चपला पुसून पिशवीत ठेवल्या.

“रोज तिलाच बोल लावत व्हतो, ताई. विसरलीस कशी गं, म्हनून.”